उचललेला भंडारा

"आण्णा, मी आज उमेदवार म्हणून आलोय. पोरगा म्हणून नंतर बसतो," दादा म्हणाला आणि सोप्यावर न बसता अंगणातच उभा राहिला.

त्याच्या मागं तालुक्याची चार माणसं होती. पलीकडून होडीतून आलेली, पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. एकाच्या हातात कपबशीचं चित्र काढलेला पुठ्ठा होता. अपक्ष म्हणून दादाला तीच निशाणी मिळाली होती.

आण्णा वाखाचा दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "उमेदवाराला आमच्या घरात पाणीबी न्हाई. पोराला जेवान हाय. काय ते तूच ठरीव."

दादा हसला. चपला काढून वर आला. आण्णांनी मला हाक मारली, "यसे, पोराला वाढ. त्याच्या पावन्यांनाबी वाढ. आन सांग त्येला, जेवताना मताचं नाव काढायचं न्हाई."

हे सांगताना मला हसू येतं, कारण आमच्या आण्णांचं सगळं बोलणं असंच होतं. दार लावायचं आणि खिडकीतून ताट द्यायचं. पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. मी चुलीपुढं बसून एकच गोष्ट मनात घोकत होते, दादा निवडून आला पाहिजे. तो आमदार झाला तर पूल होईल. दुसऱ्या कुणाकडून तो होणार नाही, हे मला माझ्या कपाळाइतकं स्पष्ट दिसत होतं, आणि ते कपाळ त्या पाण्यानंच पांढरं केलं होतं.

आमचं सावरधार आधी खाली नदीकाठाला होतं. धरण झालं, गाव पाण्यात गेलं आणि आम्ही वर डोंगराच्या कुशीला येऊन बसलो. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जंगल. दवाखाना, हायस्कूल, एसटी, बाजार, सगळं पलीकडं वेळेघरला. मध्ये एक होडी. वारा सुटला की तीही नाही. जंगलातून चालत जायचं तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो, तेही पाय धड असतील तर.

आमचा शिवथड मतदारसंघ. आता तर तोही राहिला नाही, पुनर्रचनेत मोडून तिघांत वाटला. पण होता तेव्हा त्यानं आम्हाला आमदार एकाहून एक दिले. पहिले तात्यासाहेब घोरवडे. त्यांनी धरण आणलं. गाव उठताना म्हणाले, "पाणी तुमचं गाव घेतंय, पण मी तुम्हाला पूल देतो." त्या बोलावर गावानं त्यांना तीनदा एकगठ्ठा मतं दिली. मग सर्जेराव कणसे आले. त्यांनी पुलाचा नारळ दोनदा फोडला, एकदा इकडच्या काठाला, एकदा तिकडच्या. नारळ चांगले होते, खोबरं आम्ही खाल्लं. त्यानंतर तात्यासाहेबांचा पुतण्या जयसिंग घोरवडे उभा राहिला. तो शिकलेला. त्यानं नारळ फोडला नाही. "पुलाचं खातं वेगळं असतं," एवढंच म्हणाला.

तो पहिल्यांदा उभा राहिला त्याच्या आधीच्या सुगीत माझा नवरा गेला. आनंदा. दादा वकिली शिकायला गेला तेव्हा रान कसायला माणूस हवा म्हणून आण्णांनी घरजावई करून आणलेला. मुका वाटावा इतका कमी बोलायचा, पण भात कापताना शीळ घालायचा. भात कापतानाच त्याला फुरसं चावलं. आम्ही त्याला काठावर नेलं. होडी पलीकडं होती. वारा होता. आण्णांनी पाण्यात कमरेइतकं उतरून हाका मारल्या. पलीकडच्या लोकांना आम्ही दिसत होतो, पण होडी लोटायची कुणाची छाती झाली नाही. दुपारी तो काठावरच माझ्या मांडीवर गेला.

तेराव्याच्या दिवशी आण्णांनी गावातल्या घरटी एका पुरुषाला खंडोबाच्या देवळात बोलावलं आणि बेल-भंडारा उचलायला लावला. पूल होईस्तवर सावरधारचा माणूस आमदारकी-खासदारकीचं मत देणार नाही. पहिला भंडारा आण्णांनी उचलला. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझ्या नवऱ्यासाठी अख्खा गाव उठलाय. मी भिंतीआड बसून रडले, ते नुसत्या दुःखानं नव्हे.

त्या निवडणुकीत आमच्या शाळेतली पेटी जशी आली तशी रिकामी परत गेली. जयसिंग घोरवडे निवडून आला. आता पाच वर्षांनी, पंच्याण्णव साली, त्याच्यासमोर दादा उभा होता.

दादा म्हणजे वकील हणमंत केरबा शेडगे. धरणात उठलेल्या लोकांच्या जमिनींचे खटले तो फुकट चालवायचा, म्हणून शिवथडमध्ये त्याला मान होता. घोरवड्याला पहिल्यांदाच घाम फुटला होता.

जेवण झाल्यावर पाहुणे अंगणात विड्या ओढायला गेले. दादानं हात धुतले आणि आण्णांच्या समोर येऊन बसला.

"आण्णा, लढत घासून आहे. दोन-अडीचशे मतांवर इकडचं तिकडं होईल. आपल्या गावात पाचशे मतं आहेत."

"गाव बांधलेलं हाय."

"कुणी बांधलं? तुम्हीच ना?"

"म्हनून तर मला सोडता येत न्हाई." आण्णांनी दोराला पीळ दिला. "परक्यासाठी येक वेळ सोडला असता, हणमा. पोरासाठी सोडला तर लोक तोंडावर थुकतील. केरबानं जावयासाठी भंडारा उचलला आन पोरासाठी टाकला, म्हनतील."

"आणि पूल?"

"तू निवडून ये. पूल बांध. मग जलमभर आमची मतं घे."

"तुमच्या मताशिवाय निवडून कसा येऊ?"

आण्णांनी दोराचा नवा पेड हातात घेतला. दादा उठला, माझ्याकडं बघितलं. जाताना अंगणातून आण्णांना नमस्कार केला. आण्णा दोर वळतच राहिले, पण तो नजरेआड झाल्यावर मला म्हणाले, "वाळलाय न्हाई गं पोरगा?"

मला त्यांचा इतका राग आला की मी भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर धुणं धुताना माझ्या डोक्यात आलं ते आधी का आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. शेजारी रखमाकाकू होती, पलीकडं द्वारका. द्वारकाची पोरगी त्याच वर्षी सातवी झाली होती आणि हायस्कूल पलीकडं म्हणून शेळ्यांमागं जात होती.

"काकू," मी म्हणाले, "भंडारा उचलला त्या दिवशी तू देवळात होतीस का?"

"मी? मी कशाला? आमी भाईर तेराव्याच्या भाकऱ्या थापत हुतो की."

"मग तू भंडारा उचलला न्हाईस."

"घरधन्यानं उचलला म्हंजी…"

"घरधनी जेवला की तुझं पोट भरतं का?"

द्वारका फिसकन हसली. रखमाकाकू हसली नाही, पण तिचा हात धोपटण्यावर थांबला. "यसे, तुझी जीभ लई चालती," ती म्हणाली. मग लुगडं पिळत, "आमी उचलला न्हाई, हे खरं हाय म्हना."

"देवानं विचारलं तर काय सांगशील?"

"सांगीन, मला कुनी बोलावलंच न्हाई."

मी त्या आठवड्यात गावातल्या एकूणएक घरात गेले. कुठं विरजण मागायला, कुठं सुईत दोरा ओवून घ्यायला. आमच्या गावात बायकांची मतं अडीचशेच्या वर होती. तेवढी दादाला पुरेशी होती. मी कुणाला पुलाचं भाषण दिलं नाही. फक्त म्हणायचे, "तुला कुणी बोलावलं होतं का?" आणि प्रत्येकीचं उत्तर तेच यायचं. काही जणींना ते सांगताना पाच वर्षांचा जुना राग आठवायचा, जणू त्यांना देवळात न बोलावणं हेच सगळ्यात मोठं झालं होतं. ठरलं असं, की मतदानाच्या दिवशी न्याहारीनंतर हळदीकुंकवाला निघाल्यासारखं सगळ्यांनी मिळून शाळेकडं जायचं. पुरुषांनी विचारलं तर खरं सांगायचं.

गावात काही लपत नाही. आण्णांच्या कानावर गेलं असणारच. पण ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, मनातून त्यांनाही हवंय. त्यांचा भंडारा राहतो आणि पोरगाही निवडून येतो. उलट मी त्यांची सुटका केलीय, अशा घमेंडीत मी होते.

त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा मी मागं वळून बघितलं. बायकांची रांग देवळापासून वडापर्यंत गेली होती. ठेवणीतली लुगडी बाहेर निघाली होती. हौसाआत्या सत्तरीची, तिनं नातीचा हात धरला होता. द्वारका सगळ्यांत पुढं माझ्याबरोबर. पुरुष आपापल्या ओट्यावर बसून बघत होते. मला नवऱ्याची आठवण झाली. मनात म्हणाले, बघा, तुमच्यासाठी आता खरा गाव उठला.

शाळेच्या दारात आण्णा उभे होते.

आम्ही जवळ गेलो. त्यांनी डोक्याचा पटका काढला, नीट घडी करून दाराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बाजूला मातीत बसले. उघड्या डोक्यानं मी त्यांना घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर विरळ पांढरे केस होते आणि पटक्याच्या खालचं कपाळ वेगळ्याच रंगाचं, फिकट.

"मी कुनाला अडवत न्हाई," ते म्हणाले. "जिला जायाचं तिनं ह्ये वलांडून जावं."

दारावरचा पोलीस पुढं आला. "आजोबा, हे चालत नाही. उचला ते."

"हवालदार, मी कुनाच्या आंगाला हात लावला का? दार उघडं हाय. रस्ता मोकळा हाय."

पोलिसानं आत बघितलं. आत तालुक्याचे साहेब टेबलामागं उठून उभे राहिले होते. पाच वर्षांत या गावात पहिल्यांदा कुणी मत द्यायला येत होतं. त्यांनाही काय करावं कळेना. पटक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

"आण्णा," मी म्हणाले, "आमी भंडारा उचलला न्हाई."

"ठावं हाय."

"मग?"

"तुमी न्हाई उचलला. मी उचललाय. माझा पटका तुमच्याम्होरं ठेवलाय. आता तुझ्या-माझ्यात काय बोलायचं ऱ्हायलंय?"

"दादा पडंल आण्णा!"

"पडंल," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, हे मी शपथेवर सांगते. "मला कळत न्हाई का, यसे?"

रखमाकाकू पुढं झाली. मला वाटलं आता ती पाय उचलते. तिनं खाली वाकून पटक्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि मागं फिरली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. एकेक बाई येत होती, वाकत होती आणि जात होती. कुणी रडत होतं, कुणी नुसतीच खाली मान घालून. हौसाआत्या तर आण्णांच्याच पाया पडली. द्वारका शेवटपर्यंत माझ्याजवळ थांबली. तिनं माझा दंड धरला होता, तो हळूच सोडला.

"यसूआक्का," ती म्हणाली, "बापाचा पटका हाय गं."

"माझ्या बापाचा हाय," मी म्हणाले. "तुझ्या न्हवं. तू चल."

ती गेली, पण घराकडं.

मी पाय उचलला. आण्णांकडं बघवत नव्हतं, पण बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते पटक्याकडं बघत होते, माझ्या लुगड्याचा काठ त्याला लागतो का ते.

आत साहेबांनी नाव विचारलं. "यशोदा आनंदा," एवढं सांगून पुढचं आडनाव मला आठवेना. बोटाला शाई लावली. मी कपबशीवर शिक्का मारला, कागद पेटीत टाकला. पेटी रिकामी होती, कागद पडल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की बाहेर जायला तेच दार आहे. जाताना एकदा ओलांडायचं एवढंच मी धरून चालले होते. परत येतानाही तो ओलांडावा लागतो.

बाहेर आले तेव्हा आण्णा तिथंच बसले होते. संध्याकाळी पाचला मतदान संपेपर्यंत ते तसेच उघड्या डोक्यानं बसून राहिले. नंतर कुणी आलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी दादा एकशे त्रेसष्ट मतांनी पडला. होडीवाल्यानं येऊन सांगितलं. मी गोठ्यात होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बायका अडीचशे होत्या." होडीवाल्याला काही कळलं नाही. आण्णा सोप्यावर होते. ते उठून रानात गेले आणि रात्र होईपर्यंत आले नाहीत.

ते माझ्या हातचं जेवत होते. जेवण टाकून रुसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण ते माझ्याशी बोलत नव्हते. भाकरी हवी असली तरी मागत नसत, मी वाढली तर खात. पाणवठ्यावर मी गेले की बायका सरकून जागा द्यायच्या, आणि तेच मला लागायचं. आधी कधी कुणी मला जागा दिली नव्हती, मी आपली घुसायचे.

दादा आला नाही. मीच एकदा बाजाराच्या दिवशी पलीकडं जाऊन कोर्टात त्याला भेटले. झाडाखाली बसून तो एका म्हाताऱ्याची तक्रार ऐकत होता. मला बघून उठला. "यसे, गावात एकच मत पडलं म्हणे," तो म्हणाला. मी मान हलवली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता मी पुन्हा उभा राहणार नाही. घरच्या दारात हरलेल्या माणसाला लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत." त्यानं शब्द पाळला. आमच्या घरात सगळेच शब्द पाळणारे.

उन्हं तापायला लागली तेव्हा जयसिंग घोरवडे गावात आला.

निवडून आल्यावर आभार मानायला आमदार सावरधारला आलाय, असं कधी घडलं नव्हतं. लाँच काठाला लागली तेव्हा पोरं धावत सुटली. त्याच्याबरोबर पेढ्यांचे खोके होते आणि फोटोवाला होता. देवळापुढं माणसं जमली. घोरवड्यानं आण्णांना हाताला धरून वर बसवलं, त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"शब्दाला जागणारी माणसं आता राहिली नाहीत," तो सगळ्यांना म्हणाला. "केरबाअण्णांनी पोटच्या पोरासाठीही शब्द मोडला नाही. अख्ख्या मतदारसंघात मी हे सांगणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो हसून म्हणाला, "एक मत मात्र फुटलं म्हणे. बहिणीचं असणार. असू दे, बहिणीनं भावाला द्यायलाच हवं." सगळे हसले. पुरुषांच्या तोंडावर मी जितका आनंद त्या दिवशी पाहिला तितका सणालाही पाहिला नव्हता.

मग तो आमच्या घरी चहाला आला. सोप्यावर तो आणि आण्णा दोघंच होते, बाकीचे अंगणात पेढे वाटत होते. मी कप घेऊन दाराआड उभी राहिले.

"साहेब," आण्णा म्हणाले, "पुलाचं काय?"

घोरवड्यानं चहाची वाट बघत मिशी पुसली. तो वाईट माणूस नव्हता, हेच सांगायला मला जड जातं. त्यानं आण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलला.

"काका, खरं सांगू? पूल झाला की तुमचा भंडारा सुटला. सुटला की तुम्ही मत देणार. कुणाला देणार? मला देणार का?"

आण्णांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"तात्यासाहेबांचा पुलाचा शब्द खोटा पडला, तेव्हापासून तुमचा राग आमच्या घराण्यावर. मग पाचशे मतं माझ्या विरुद्ध उभी करायला मी स्वतःच्या हातानं पूल बांधू? असा कोण आमदार बांधेल? मी नाही, माझ्यानंतरचाही नाही. कुणाचं काही अडत नाही तुमच्यावाचून." मग तो मोठ्यानं हसला. "चेष्टा केली हो. बघू, पुढच्या अर्थसंकल्पात बघू. तुमचं गाव असंच राहू द्या. फार सोन्यासारखं गाव आहे."

मी चहा दिला. त्यानं चहाची तारीफ केली.

लाँच गेल्यावर गलका संपला. आण्णा शाल तशीच अंगावर घेऊन बसले होते. उन्हाळ्याचे दिवस, घाम गळत होता.

"यसे," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"आमी त्येला शिक्षा केली, आसं वाटत हुतं मला. धा वरसं."

"पाच, आण्णा."

"पाच." त्यांनी मान हलवली. "भंडारा उचललाय म्हनून पूल न्हाई. आन पूल न्हाई म्हनून भंडारा खाली ठेवता येत न्हाई. मी काय करून बसलो गं?"

माझ्याजवळ इतक्या दिवसांचे तयार शब्द होते. एकेक निवडून ठेवलेला. त्यातला एकही बाहेर आला नाही. तोंडावर पदर घेऊन मी तिथंच खाली बसले, आणि आण्णांनी शाल काढून बाजूला टाकली.

त्यांनी गावाला सांगून बघितलं. ओट्याओट्यावर गेले. पण फोटो पेपरात छापून आला होता. लोकांनी तो कातरून भिंतीला लावला. "केरबा, आमदारानं तारीफ केली गावाची, तुला काय खुपतंय?" म्हणायचे. देवाचा शब्द आता गावाची अब्रू झाला होता. पुढच्या वर्षी सरकारनंही ठरवलं की या गावात मतदानच होत नाही, तर माणसं आणि पेटी कशाला पाठवायची. आमचं केंद्र पलीकडं वेळेघरच्या शाळेत नेलं. कुणी तक्रार केली नाही.

नंतरची आमदारकीची निवडणूक पाच वर्षांच्या आतच लागली, ऐन भाद्रपदात. त्या सकाळी आण्णा लवकर उठले. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. तोवर ते फार थकले होते, काठीशिवाय चालता येत नव्हतं.

"यसे, मला पलीकडं न्हे. मत द्यायचं हाय."

मला आधी खरंच वाटलं नाही. "आण्णा, भंडारा…"

"मी उचलला, मी खाली ठेवतो. खंडोबाला काय करायचं ते माझं करू दे. येकच हाय, पन तुझ्यासारखं येक तरी पडंल." मग म्हणाले, "दोन. तुझं धरून."

कुणाला देणार, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आम्ही काठावर जाऊन बसलो. त्या वर्षी होडीला इंजिन बसलं होतं. तिचा आवाज पाण्यावरून लांबून यायचा. वारा होता, पण होडी अडेल असा नव्हता. थोड्या वेळानं ती दिसली. माणसांनी भरलेली, झेंडे लावलेले. वरच्या धनगरवाड्याकडून वेळेघरकडं चालली होती. मी हाका मारल्या. पदर हलवला. आण्णांनी काठीला उपरणं बांधून वर धरलं. होडीतल्या काही लोकांनी आमच्याकडं बघून हात हलवले. ती वळली नाही.

दुपारपर्यंत ती तशीच चार-पाचदा गेली-आली. प्रत्येक वेळी आम्ही उठायचो. नंतर आण्णा उठेनासे झाले, मीच उठायचे. पलीकडं शाळेपुढची रांग बारीक दिसत होती. आण्णांना दिसत नव्हती, ते मला विचारायचे, "हाय का अजून रांग?" मी सांगायचे, आहे. रांग संपली तरी मी आहे म्हणाले.

उन्हं कलल्यावर होडी रिकामी आमच्या काठाला लागली. होडीवाला सुबराव उतरला आणि आण्णांना बघून दचकला.

"केरबाआण्णा? तुमी? सकाळधरनं हितंच?"

"मत द्यायला निघालो हुतो," आण्णा म्हणाले.

सुबराव ओशाळला. "आता काय सांगू. समद्या उमेदवारांनी मिळून होडी दिवसभर घेतली हुती. धनगरवाडा, वरची वाडी, समदी मानसं आणायची म्हनले. मी इचारलं, सावरधारला जाऊ का? तर म्हनले, तितं कोन मत देतंय, डिझेल कशाला जाळायचं?"

आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

"येता का आता? सोडतो पलीकडं. पैसं नगं."

"आता?" आण्णा काठीवर भार देऊन उठले आणि गावाकडं तोंड करून चालायला लागले. "आता पलीकडं काय हाय?"